दातांबाहेरचा ‘ल’ : कागायानेन भाषेतल्या एका ध्वनीचं प्रकरण

2010 साली आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात पाच जणांनी मिळून लिहिलेला एक निबंध आला. पहिलं नाव होतं केनेथ ओल्सन यांचं. म्हणणं असं की फिलिपिन्समधल्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या काही भाषांमध्ये एक व्यंजन आहे, त्याच्याकडे आजवर फारसं कुणी पाहिलेलं नाही, आणि आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या, म्हणजे जगातल्या भाषांचे ध्वनी लिहायच्या चिन्हांच्या, तक्त्यात त्याला स्वतःची जागा मिळायला हवी. निबंधात दृश्य पुरावा होता उत्तर लुझोनमधल्या लिमोस कालिंगा बोलीचा, तर ध्वनिलहरींची मोजमापं होती कागायानेन नावाच्या भाषेची. ही कागायानेन मानोबो कुळातली.

वरवर पाहिलं तर भांडण एका चिन्हापुरतं आहे. मला मात्र या प्रकरणातली दुसरी गोष्ट अधिक खिळवून ठेवते. कागायानेनमधला हा ध्वनी शेकडो वर्षं ‘ल’च्याच घरात मुकाट राहत होता. तो वेगळा म्हणून उभा राहिला तो शेजारच्या मोठ्या भाषांचे शब्द घरात शिरल्यावर. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण ‘ळ’च्या बाबतीत आपल्याकडे बरंचसं हेच घडलं आहे.

डोंगरातलं कुळ, समुद्रातली भाषा

मानोबो भाषा म्हटलं की डोळ्यांपुढे मिंदानाव येतं. फिलिपिन्सच्या दक्षिणेचं हे मोठं बेट, त्याच्या पोटातले डोंगर, पठारं, नद्यांची खोरी. तिथे या कुळातल्या दीड-दोन डझन भाषा बोलल्या जातात. त्या मोजायच्या कशा, भाषा कुठे संपते आणि बोली कुठे सुरू होते, यावर आकडा बदलतो. रिचर्ड एल्किन्स यांनी 1974 साली या सगळ्यांच्या मूळ भाषेची शब्दसूची तुलनेतून मांडली, आणि पुढच्या बहुतेक कामाला तीच पायाभूत ठरली. जगाच्या कानावर हे कुळ पडलं ते भाषाशास्त्रामुळे नव्हे, तर 1971 मध्ये ‘अश्मयुगातली जमात सापडली’ म्हणून गाजलेल्या तासादाय प्रकरणामुळे. तासादाय लोकांची बोलीही मानोबोच. शेजारच्या कोताबातो मानोबोशी तिचं नातं अगदी जवळचं. त्या गदारोळात कुळातल्या बाकी भाषांची नावंसुद्धा कुणी विचारली नाहीत.

कागायानेन या सगळ्यांपासून फार लांब पडली आहे. सुलू समुद्राच्या उत्तर भागात कागायानसिल्यो नावाचा छोटा बेटसमूह आहे, एका बाजूला पालावान, दुसऱ्या बाजूला पानाय आणि नेग्रोस. कारभार पालावान प्रांताचा. हेच या भाषेचं मूळ घर. बोलणारे सुमारे 30,000, आणि ते सगळे बेटावर नाहीत. पालावानच्या किनाऱ्यावर त्यांची गावं आहेत, काही घरं पानायवरच्या इलोइलोकडे सरकली आहेत.

तरीही ही भाषा मानोबोच. कॅरल हार्मन यांनी 1977 साली हवाई विद्यापीठात सादर केलेला प्रबंध याच विषयावर होता. कागायानेनचं जवळचं नातं उत्तर गटाशी लागतं, म्हणजे मिंदानावच्या बिनुकिदशी आणि कामिगिन बेटावरच्या किनामिगिंगशी. मधे अख्खा समुद्र आहे, आणि आजूबाजूला पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या गेल्या त्या वेगळ्या कुळातल्या भाषा: हिलिगायनोन, किनाराय-आ, कुयोनोन.

जगण्याची रीतही नात्यातल्या लोकांपेक्षा निराळी. मिंदानावचे मानोबो बहुतांशी डोंगर-खोऱ्यातले शेतकरी. कागायानसिल्योचे लोक दर्यावर्दी. आज जागतिक वारसा म्हणून ओळखली जाणारी तुब्बाताहाची प्रवाळबेटं याच नगरपालिकेच्या हद्दीत येतात. 1988 मध्ये ती राष्ट्रीय सागरी उद्यान झाली आणि 1993 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. त्याआधी उन्हाळ्यात समुद्र शांत झाला की कागायानसिल्योचे लोक ‘पांगको’ नावाच्या लाकडी शिडाच्या होड्यांचे तांडे घेऊन तिकडे मासेमारीला जात. त्या जागेला ते ‘गुसोंग’ म्हणत. नकाशावर चढलेलं ‘तुब्बाताहा’ हे नाव मात्र सामा लोकांच्या भाषेतलं. बेटावर स्पॅनिश काळातला दगडी किल्ला उभा आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या चाचेगिरीच्या टोळ्यांपासून तेवढाच आसरा. म्हणजे ‘एकाकी बेट’ असं जे आपण सहज म्हणून टाकतो ते इथे लागू पडत नाही. व्यापारी, पाद्री, लुटारू, सरकारी माणसं, सगळ्यांची ये-जा होती, आणि प्रत्येकाबरोबर शब्द येत होते. पुढच्या गोष्टीला हे आवश्यक आहे.

जीभ कुठे जाते

आता तो ध्वनी. आपला साधा ‘ल’ काढताना जिभेचं टोक वरच्या दातांमागे टेकतं आणि हवा जिभेच्या दोन्ही कडांनी सुटते. म्हणून त्याला पार्श्विक म्हणतात. कागायानेनच्या या व्यंजनात जीभ सपाट राहते आणि पुढे येते, दोन्ही दंतपंक्तींच्या मधून बाहेर डोकावते. समोरच्या माणसाला ती दिसते. टोक कुठेही घट्ट टेकत नाही, हवा मधूनच वाहते, आणि वाट इतकी मोकळी असते की घासल्याचा आवाज येत नाही.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. जीभ दातांमध्ये म्हटलं की इंग्रजीच्या ‘दिस’, ‘दॅट’मधलं व्यंजन आठवतं, जे आपण मराठी लोक बिनदिक्कत ‘द’ करून टाकतो. पण त्या इंग्रजी व्यंजनात हवा अरुंद फटीतून घासत जाते. ते घर्षक आहे. कागायानेनचा ध्वनी ‘य’ आणि ‘व’च्या जातीचा, जवळजवळ स्वरासारखा वाहता. ‘द’ म्हणायला सुरुवात करा, जीभ दातांच्या पुढे जाऊ द्या, टेकू मात्र देऊ नका, आणि आवाज चालू ठेवा. साधारण तिथे पोचाल. आरशासमोर केलं तर लगेच जमतं, फक्त घरातलं कुणी बघत नाही ना हे आधी पाहून घ्या.

मोजमापं हवीत ती याचसाठी. कानाला हा ध्वनी कधी ‘ल’चा भास देतो, कधी ‘द’चा, कधी नुसत्या स्वराचा. ध्वनिलहरींच्या आलेखात मात्र भानगड उरत नाही. घर्षणाचा गोंगाट दिसत नाही, स्फोटक व्यंजनाआधीची शांतता दिसत नाही, आणि स्वराचे पट्टे फारसे न तुटता पुढे सरकतात. बाहेरच्या माणसाचा कान मात्र त्याच्या स्वतःच्या भाषेतल्या खणांतच आवाज टाकतो. म्हणून असा ध्वनी जुन्या नोंदींत ‘ल’ म्हणून लिहिला जाणं सहज शक्य असतं. अशा नोंदी करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तक्त्यात जो खण नाही तो ऐकू येणंही अवघडच.

या भाषेतला एक स्वरही सांगण्यासारखा आहे, कारण जुनं जपण्याची तिची रीत त्यातून कळते. मानोबो कुळाच्या मूळ भाषेत चार स्वर धरले जातात: इ, आ, उ, आणि चौथा जवळपास आपल्या ‘अ’सारखा मध्यस्वर. हा चौथा स्वर फिलिपिन्सच्या बऱ्याच मोठ्या भाषांनी गमावला. टागालोगमध्ये तो बहुतेक ठिकाणी ‘इ’ झाला, सेबुआनो आणि हिलिगायनोनमध्ये ‘उ’ किंवा ‘ओ’. छपराचा जुना शब्द घ्या: टागालोगमध्ये ‘आतिप’, सेबुआनोत ‘आतोप’, आणि मानोबो भाषांमध्ये ‘आतअप’च्या जवळचा उच्चार. कागायानेनने हा स्वर आजही टिकवला आहे. भाषेच्या नावातच तो आहे. शेवटचं ‘नेन’ रोमन लिपीतल्या ‘ई’ अक्षरामुळे तसं वाचलं जातं. खरा उच्चार ‘नअन’कडे झुकणारा. म्हणजे हा लेखसुद्धा भाषेचं नाव रोमन स्पेलिंगच्या मार्गानेच लिहितो आहे.

एकाच घरातले दोन भाऊ

फिलिपिन्समध्ये हा दातांबाहेरचा ध्वनी साधारणपणे ‘ल’चंच एक रूप म्हणून वागतो. ठरावीक शेजार असला की साधा ‘ल’, दुसरा शेजार असला की हा. बोलणाऱ्याला फरकाची जाणीवही नसते, कारण त्या फरकाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत स्वनिम, म्हणजे अर्थ बदलू शकणारा ध्वनी, एक; स्वनांतरं, म्हणजे त्याची उच्चाररूपं, दोन. पश्चिम ऑस्ट्रेलियातली स्थिती निराळी आहे. तिथल्या पाच भाषांत तो अर्थभेद करणारा पक्का स्वनिम आहे. दोन्ही प्रदेशांचा एकमेकांशी संबंध नाही. ध्वनी दोन्हीकडे आपापला जन्माला आला. ओल्सन आणि सहकाऱ्यांच्या मोजणीनुसार तो किमान 15 भाषांत आढळतो.

मग कागायानेनमध्ये बिघडलं, किंवा घडलं, काय? बाहेरचे शब्द आले. साधा ‘ल’ असलेले उसने शब्द अशा जागी येऊन बसले जिथे घरचा नियम दातांबाहेरचा ध्वनी मागत होता. हे शब्द जिभेने घरच्या वळणावर नेले नाहीत, ‘ल’ तसाच ठेवला. एकाच शेजारात दोन ध्वनी उभे राहिले की ‘कुठे कोण’ हे नियमाने सांगता येत नाही. नियम मोडला, स्वनांतराचा स्वनिम झाला.

मराठीत याचं उदाहरण रोज तोंडात असतं. संस्कृत शब्दातला दोन स्वरांमधला एकटा ‘ल’ प्राकृतातून मराठीत येताना ‘ळ’ झाला: काल-काळ, फल-फळ, माला-माळ. जोड ‘ल्ल’ मात्र ‘ल’ राहिला, म्हणून गेलेला दिवस ‘काल’ आणि चेहऱ्याचा ‘गाल’. एवढ्यावरच थांबलं असतं तरी दोन वेगळे स्वनिम झालेच होते. पण वर बाहेरून भर पडली. फारसी-अरबीतून ‘माल’ आला आणि ‘माळ’शेजारी बसला. ‘साल’ आलं आणि भाताच्या ‘साळ’शेजारी बसलं. संस्कृतातून तेच शब्द दुसऱ्यांदा, या वेळी पोथीतून, उचलले गेले: बाळ होताच, ‘बाल’ आला; कमळ होतंच, ‘कमल’ आलं; मंगळ ग्रह झाला आणि मंगल कार्य झालं. ‘ल’ आणि ‘ळ’मधली दरी अशी रुंदावत गेली.

फरक एवढाच की आपल्याकडे ‘ळ’ला अक्षर आहे, त्यामागे शतकांचं लिहिणं आहे आणि कोट्यवधी बोलणारे आहेत. तरीसुद्धा हिंदी पाटीवर जळगावचं ‘जलगांव’ होतं आणि रोमनमध्ये लोणावळ्याच्या ‘ळ’ला जागाच नसते. हिंदीभाषक कानाला ‘ळ’ म्हणजे ‘ल’चाच जरा जड प्रकार. यावर आपल्याकडची माणसं किती चिडतात हे सांगायला नको. 30,000 लोकांच्या भाषेतल्या ध्वनीसाठी चिडायला माणसंच कमी.

संपर्काने ध्वनीला वेगळेपण दिलं, हे अर्धंच चित्र. हाच संपर्क पुढे वाढला, शाळा-बाजार-दूरदर्शन सगळं टागालोगमध्ये आणि हिलिगायनोनमध्ये झालं, तर तरुण जिभेला दातांबाहेरचा ध्वनी गावंढळ वाटू लागतो आणि सगळीकडे साधा ‘ल’ सोयीचा होतो. जगभरच्या लहान भाषांत हा रस्ता इतका मळलेला आहे की कागायानेनला त्यातून सूट मिळेल असं गृहीत धरता येत नाही. ज्या दारातून स्वनिमपद आलं त्याच दारातून ते जाऊही शकतं.

चिन्ह द्यावं का

ध्वनिलिपीच्या तक्त्यात आज या ध्वनीसाठी स्वतंत्र चिन्ह नाही. लिहायचा झाला तर इंग्रजी ‘दॅट’मधल्या घर्षक व्यंजनाचं चिन्ह घ्यायचं आणि खाली ‘जीभ थोडी खाली’ सांगणारी बारीक खूण जोडायची. म्हणजे ओळख दुसऱ्याच्या नावावर: घर्षक, पण घर्षण वजा.

ओल्सन यांना अशा मोहिमेचा अनुभव होता. वरचे दात आणि खालचा ओठ यांच्यात एक झटका देऊन काढायचं एक व्यंजन मुख्यत्वे मध्य आफ्रिकेतल्या भाषांत आढळतं. त्याची बाजू त्यांनी जॉन हायेक यांच्याबरोबर मांडली होती, आणि 2005 मध्ये ते तक्त्यात आलं. दातांबाहेरच्या ‘ल’साठीही युक्तिवादाची घडण तीच होती: पुरेशा भाषांत आहे, काही भाषांत अर्थभेद करतो, दोन प्रदेशांत स्वतंत्रपणे उपजला म्हणजे तो अपघात नाही, आणि नेहमीच्या ध्वनिवैज्ञानिक निकषांत त्याचं वर्णन सरळ बसतं.

यातला शेवटचा मुद्दा मला दुधारी वाटतो. वर्णन सोपं आहे, तर आहे त्या चिन्हाला खूण जोडून काम भागतं, असंही म्हणता येईल, आणि तक्ता सांभाळणारे लोक तसं म्हणत आले आहेत. प्रत्येक ध्वनीला चिन्ह दिलं तर तक्ता भिंतभर होईल. तरीही माझा कल ओल्सन यांच्या बाजूने आहे, कारण तक्त्याचा खरा उपयोग लिहिण्याइतकाच ऐकायला शिकवण्यासाठी होतो. ध्वनिशास्त्राचा विद्यार्थी तक्त्यातले ध्वनी एकेक करून काढायला आणि ओळखायला शिकतो. तोच उद्या मिंदानावला किंवा पालावानला जाऊन शब्द टिपणार. ज्या ध्वनीला खण नाही तो त्याला शिकवला जाणार नाही, आणि मग वहीत पुन्हा ‘ल’च उमटेल. दंतौष्ठ्य झटक्याला जागा मिळाली त्या तक्त्यात याला नाकारण्यामागे तत्त्व कमी आणि काटकसर जास्त दिसते.

फळ्यावर काय लिहायचं

बोलणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र प्रश्न तक्त्याचा नाहीच, तो रोजच्या लिहिण्याचा आहे. कागायानेन रोमन लिपीत लिहितात. दोन ध्वनी वेगळे दाखवायचे तर ‘ल’च्या अक्षराला काही खूण जोडावी लागणार, आणि मोबाइलच्या कीबोर्डवर सहज न सापडणारी खूण लोक दोन दिवसांत सोडून देतात. वेगळे दाखवायचे नाहीत तर घरच्या माणसाला अडत नाही, तो संदर्भाने वाचतो. आपण ‘चार’ आणि ‘चारा’ यांतले दोन वेगळे ‘च’ एकाच अक्षराने लिहितो. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ सारखंच लिहून बरोबर वाचतो. मराठीला हे परवडतं, कारण ऐकायला माणसं भरपूर आहेत आणि मूल शाळेत जायच्या आधीच उच्चार शिकून येतं. ज्या भाषेत घरातला उच्चारच डळमळू लागला आहे तिथे अक्षराने उच्चार सांगणं फायद्याचं ठरतं. म्हणून माझ्या मते कागायानेनने ‘च’चा नव्हे, ‘ळ’चा मार्ग धरावा. कीबोर्डचा त्रास सोसूनही. निर्णय अर्थात त्यांचा.

आणि हा निर्णय आता कायद्याशी बांधला गेला आहे. फिलिपिन्सच्या शिक्षण खात्याने 2009 मध्ये मातृभाषेतून शिक्षणाचा आदेश काढला, 2013 च्या कायद्याने बालवाडी ते तिसरीपर्यंत ते धोरण पक्कं केलं. त्यासाठी 19 भाषा ठरल्या. टागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन अशा मोठ्या भाषा होत्या, किनाराय-आ, इवातान, याकान अशा लहानही होत्या. मानोबो कुळातली एकही नव्हती. कागायानसिल्योच्या मुलाचा जवळचा वर्ग हिलिगायनोनचा किंवा टागालोगचा.

ऑक्टोबर 2024 मध्ये चक्र उलटं फिरलं. नव्या कायद्याने मातृभाषेतून शिकवण्याची सक्ती काढून घेतली. शिक्षणाचं माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी, प्रादेशिक भाषा मदतीला. एक खिडकी तेवढी उघडी ठेवली: वर्गातली सगळी मुलं एकाच मातृभाषेची असतील तर त्या भाषेतून शिकवता येईल. पण अटींवर. भाषेची अधिकृत लेखनपद्धती हवी, अधिकृतपणे नोंदवलेला शब्दसंग्रह हवा, त्या भाषेत साहित्य हवं, व्याकरणाचं पुस्तक हवं, ती भाषा बोलणारे प्रशिक्षित शिक्षक हवेत. लेखनपद्धती आणि शब्दसंग्रहावर मोहोर उठवायची ती 1991 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय भाषा आयोगाने.

मोठ्या शहरात ही खिडकी जवळजवळ निरुपयोगी. तिथल्या वर्गात चार भाषांची मुलं बसतात. कागायानसिल्योसारख्या बेटावर मात्र सगळा वर्ग एकाच भाषेचा असणं अगदी शक्य आहे. व्याकरणाची अट तर त्याच वर्षी पुरी होण्यासारखी झाली. 2010 च्या निबंधाच्या एक सहलेखिका कॅरल पेब्ली यांनी थॉमस पेन यांच्याबरोबर लिहिलेलं कागायानेनचं सविस्तर व्याकरण 2024 मध्येच प्रसिद्ध झालं, तेही कुणालाही फुकट उतरवून घेता येईल असं. तक्त्यात चिन्ह येवो न येवो, कागायानेन मुलांच्या पहिलीच्या फळ्यावर दोन ‘ल’ दिसायचे असतील तर आता लेखनपद्धतीचा मसुदा आयोगाच्या टेबलावर जावा लागेल, आणि त्यात दातांबाहेरच्या ‘ल’चं अक्षर कोणतं हे लिहिलेलं असावं लागेल.